अळणी वरण

“हात ढिला सोड. मूठ नको आवळू. आन् बोलू नको.”

मी बोलत नव्हतेच. साधना सिस्टरनी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला, फुगा दाबायला सुरुवात केली, आणि मी त्यांच्या भुवईकडे पाहत राहिले. मशीनवरचा आकडा माझ्या बाजूनं दिसत नाही. पण सिस्टरच्या भुवईवर तो आधी उमटतो, हे मला मागच्या दोन खेपांत कळलं होतं. त्या दिवशी भुवई वर गेली. सिस्टरनी पट्टा सोडला, झटकला आणि पुन्हा गुंडाळला.

“चालत आली का?”

“हो.”

“भरभर?”

“नाही सिस्टर. हळूहळूच आले.”

“दहा मिनिटं बस तिथं बाकावर. मंग पाहू.”

उपकेंद्राच्या बाकावर इफ्फत आधीच बसलेली होती. गादीवाल्या कुर्बानची बायको, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहणारी. ती याच गावात जन्मली आणि याच गावात दिली. मला पाचवा लागला होता, तिचा चौथा संपत आला होता. दोघींचंही पहिलंच.

“तुमालेबी बसवलं का वैनी?” ती ओढणीआडून म्हणाली. “मले वाटलं मी एकटीच नापास.”

दहा मिनिटांनी दोघींचे आकडे पुन्हा घेतले. दोघींचेही एकशे चाळिसाच्या वरच. सिस्टरनी कार्डावर लाल पेनानं गोल केला आणि भिंतीवरची चित्रं दाखवत, अठरा वर्षं रोज म्हणत आल्या तसं एका दमात सांगितलं, “हिरवी भाजी, वरण, दूध, अंडं खात असाल तर अंडं. लोहाची गोळी जेवल्यावर, चहासंगं नाही. दुपारी डाव्या कुशीवर दोन तास. पानी दिवसाले बारा ग्लास. आन् आजपासून मीठ बंद. लोनचं, पापड, ठेचा, शेव, काहीच नाही. भाजीतबी नाही.”

“मंग राहिलं काय सिस्टर?” इफ्फत म्हणाली. “ताट?”

सिस्टर हसल्या नाहीत. “ताटच राहू दे. पोटातलं राहिलं पाहिजे.”

साधना सिस्टर पन्नाशीला टेकलेल्या. तेल्हाऱ्याहून रोज स्कूटीवर अकरा किलोमीटर येतात. आमचं गाव तालुक्याच्या खालच्या अंगाला, पूर्णेकडे. त्यांच्याकडे अशी तीन गावं. स्कूटीच्या पुढच्या हुकाला दोन लिटरची बाटली लटकलेली असते, जुन्या साडीच्या ओल्या कापडात गुंडाळून शिवलेली. त्यांचा आवाज चढा आहे आणि बाया त्यांना घाबरतात. पण कुणाचं बाळंतपण अडलं की गाडी यायच्या आधी त्याच पोचतात, हेही गावाला माहीत आहे. मीही त्यांना घाबरायचे. मी मोर्शीची, अमरावतीला बीएस्सी केलेली; तिथं कुणाच्या बापाला घाबरले नव्हते. पण पोटात जीव असला की आकडा सांगणाऱ्या माणसाची भीती वाटते.

पुढच्या आठवड्यात माझे यजमान, अमोल, मला अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते, घाईत होते. त्यांनी एक गोळी दिली आणि एक छापील तक्ता दिला. मीठ टाळा, पाणी भरपूर. तक्त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती.

“हे कोन्त्या वावरात पिकते वो?” सासूबाईंनी ब्रोकोलीच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं.

“आपल्याकडे नाही पिकत आई.”

“मंग तो डॉक्टर कोनासाठी छापते हे?”

सासूबाई म्हणजे आशाबाई. बोलायला फटकळ. माझ्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्या मला ‘मोर्शीवाली’ म्हणूनच हाक मारत. पण मीठ बंद म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून चुलीवर दोन भांडी चढवली. मोठ्यात घरचं वरण, लहान पितळीत माझं. माझं भांडं वेगळं, माझी पळी वेगळी. मोठ्या भांड्यातली पळी चुकूनही माझ्यात जाऊ द्यायच्या नाहीत. मी जेवायला बसले की त्या स्वतःच्या ताटातलं लोणचं पाठीमागे सरकवायच्या. मला ते दिसायचं.

पाण्याचं मी स्वतः पाहत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायच्या, एका ग्लासाला एक रेघ. बारा झाल्या की ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि सकाळी पुन्हा सुरू. मार्चमध्ये ऊन तापलं तशा चौदा, पंधरा झाल्या. अळणी खाल्लं की तहान वाढते की काय कोण जाणे. इफ्फतही तसंच करायची. तिनं भिंतीऐवजी खिडकीत तुरीचे दाणे ठेवले होते, ग्लासाला एक.

आणि आकडे चढतच गेले. एकशे बेचाळीस. एकशे शेहेचाळीस. एकशे पन्नास. माझे पाय सुजायला लागले. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि मी तो भरेपर्यंत मनातल्या मनात मोजत बसायचे. आधी पाच मोजेपर्यंत भरायचा, मग दहा. डॉक्टरांनी गोळी वाढवली. सोनोग्राफीत म्हणाले, बाळाची वाढ दोन आठवड्यांनी मागं आहे.

“बाळाला आईकडून मिळायला पाहिजे ते नीट मिळत नाहीये. असंच चढत गेलं तर लवकर काढावं लागेल. तोवर तुम्ही पथ्य पाळा.”

मी पथ्य पाळतच होते. तेच तर मला कुणाला पटवता येत नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी सिस्टरनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. बाकावर आणखी पाच-सहा बाया होत्या.

“खरं सांगा. चोरून काय खाता?”

“काहीच नाही सिस्टर,” मी म्हणाले.

“तुमी शिकल्या-सवरल्या. तुमीच असं कराल तर बाकीच्यायनं काय करावं? आन् तू वो इफ्फत? तुझा नवरा बाजारातून शेवेचा पुडा आनते, हे मले साऱ्या गावानं सांगितलं.”

इफ्फतचा चेहरा उतरला. “तो त्याच्या अम्मीसाठी आनते सिस्टर. मी हातबी लावत नाई.”

“हात लावत नाही, आन् बीपी काय हवेनं चढते?”

बाकावरच्या बाया हसल्या. एक म्हणाली, “डोहाळे लागले असतील लेकीले.” इफ्फतनं कार्ड उचललं आणि बाहेर पडली. परत येताना रस्त्यात मात्र थांबली आणि म्हणाली, “वैनी, चार दिवस झाले, घास खाली उतरत नाई. रडत रडत खाते मी. आन् ह्या मले चोर म्हनते.”

मला वाटलं, आपण हिच्या बाजूनं बोलायला पाहिजे होतं. पण तेव्हा मी स्वतःवरचाच आळ धुऊन काढायच्या विचारात होते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी बाबा आले. माझे वडील, शेषराव; मोर्शीला शाळेत हेडक्लार्क होते, आता घरीच असतात. लग्नानंतर या घरी पहिल्यांदाच, आणि न सांगता आले, त्यामुळे स्वयंपाक झालेला. अमोल वावरात होते. सासूबाईंनी घाईत ताट वाढलं आणि मोठ्या भांड्याऐवजी चुकून लहान पितळीतलं वरण वाढलं.

“अगं माय,” त्यांनी जीभ चावली. “भाऊ, थांबा. ते अळणी आहे. हिचं आहे ते.”

बाबांनी तोवर घास घेतला होता. त्यांनी चावला, गिळला, आणि म्हणाले, “अळणी? बरोबर आहे की मीठ. उलट थोडं पुढंच आहे.”

“काही सांगता भाऊ! एक कनी नाही टाकली म्या.”

“मी काय खोटं बोलतो काय ताई? घ्या, पाहा.”

सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं. “अळणीच तर आहे.”

मीही चाखलं. अळणीच होतं. बाबा आमच्या दोघींकडे पाहत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, एक घोट घेतला, आणि माझ्या बाबांच्या तोंडावर तोच भाव आला, जो तीन वर्षांपूर्वी, या घरातला पहिला चहा पिताना, माझ्या तोंडावर आला असणार.

तेव्हा मला वाटलं होतं की कुणीतरी थट्टा म्हणून चहात मीठ टाकलंय. मग कळलं, गावाचं पाणीच तसं. या साऱ्या पट्ट्यालाच खारपाण म्हणतात; बोअर कितीही खोल न्या, खारंच लागतं. भांड्यांवर पांढरी पुटं चढतात, केस राठ होतात. डाळ तर शिजतच नाही, म्हणून प्रत्येक घरात वरणात चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा पडतो. नळाचं गोड पाणी पंधरा दिवसांतून एकदा येतं, आणि त्या वर्षी पाइप फुटल्यापासून तेही नव्हतं. पहिले सहा महिने मी नाक दाबून पाणी प्यायले. “मोर्शीवालीले आमचं पानी लागत नाही,” सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मग लागायला लागलं. वर्षभरानं माहेरी गेले तर तिथलं पाणी मला बेचव वाटलं.

बीएस्सीला माझी केमिस्ट्री होती. पाण्यातले क्षार काढायचं प्रॅक्टिकल मी केलेलं आहे. वहीत मॅडमची सही आहे, ‘गुड’ म्हणून शेरा आहे. आणि मी तीन महिने भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून रोज पंधरा ग्लास तेच पाणी पोटात ओतत होते, आणि शेजारी सासूबाई पळीला पळी लागू देत नव्हत्या.

सासूबाईंनी ती पितळी चुलीपासून दूर सरकवली. मग म्हणाल्या, “म्हंजे म्याच दिलं तुले?”

“नाही आई. तुम्ही कसं?”

“हातानं वाढलं न मी.”

मंगळवारी मी स्टीलच्या डबीत तसंच ताजं वरण घेऊन गेले. बाया पांगल्या, सिस्टर आपला डबा उघडून बसल्या, बाटलीचं झाकण उघडलं. मी डबी पुढे ठेवली.

“एक चमचा चाखता का सिस्टर?”

“मी ड्यूटीवर कोनाच्या घरचं खात नाही. एकीचं खाल्लं का दुसरी रुसते.”

“रुसणारं कुणी नाही आता. एकच चमचा.”

त्यांनी चाखलं आणि भुवई वर गेली. “यालेच अळणी म्हनता का तुमी? म्हनून तर मी म्हनते, घरचे लोक सांगतात एक आन्—”

“मीठ नाही त्यात. आईंनी माझ्यासमोर केलंय. बोअरचं पाणी आणि सोडा. बाकी काही नाही.”

सिस्टरनी चमचा पुन्हा तोंडात घातला. मग त्या उठल्या. कोपऱ्यात माठ होता, बायांना गोळ्या गिळण्यासाठी ठेवलेला. आमच्या गावचंच पाणी. त्यांनी ग्लास भरला आणि उभ्या उभ्या एक घोट घेतला. गिळला नाही लगेच. तोंडात धरला.

गावात नोकरीला येणारे सगळेच आपलं पाणी सोबत आणतात. मास्तर, ग्रामसेवक, बँकेचा माणूस. कुणी त्याचं कौतुक करत नाही, कुणी नावं ठेवत नाही. पावसाळ्यात छत्री आणावी तसं.

“अठरा वर्षं झाली मले या गावात,” सिस्टर म्हणाल्या. “या माठातलं पानी मी आज पेली.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “बारा ग्लास सांगून रायली मी. बारा.”

त्यांनी जेवण केलं नाही. डबा झाकून ठेवला. मला वाटलं आता काहीतरी होईल. सिस्टरना कळलं म्हणजे वर कळेल, वर कळलं म्हणजे काहीतरी निघेल, टँकर, वेगळा तक्ता, काहीही. पुढच्या आठवड्यात त्या महिन्याच्या मीटिंगला गेल्या. परत आल्या तशी मी विचारलं.

“काय म्हणाले?”

“पान्याचं खातं आपलं नाही म्हने. अर्ज द्या तिकडं.” त्या कार्डं लावत होत्या, लावलेलीच पुन्हा लावत होत्या. “मी म्हटलं, मंग मी बायायले सांगू काय? पानी कमी प्या म्हनू? तर म्हनतात, चव्वेचाळीस डिग्रीत एखादी उन्हानं पडली तर कोन जबाबदार? चार्टात आहे तेच सांगा. आता त्यायचंबी चूक नाही. पी म्हनलं तरी मी मारते, नको म्हनलं तरी मीच मारते.”

“डॉक्टर म्हणाले का पाण्यानंच होते म्हणून?”

“नक्की सांगता येत नाही म्हने. एखादीचं नुसतंच चढते. या गावात सारे हेच पानी पितात, साऱ्यायचं कुठं चढते?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “तुझं माहेर गोड पान्यात आहे ना? उद्याच जा. थांबू नको. वटीभरन तिकडंच करा म्हना.”

इफ्फत दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सिस्टरनी तिच्याकडे पाहून विचारलं, “तुझं कोनी आहे का बाहेर? मावशी, आत्या?”

“माहं माहेर इथूनच दिसते सिस्टर,” इफ्फत हसली. “थे निळं दार. त्याच बोअरचं पानी.”

“कुर्बानले सांग, तेल्हाऱ्याहून जार आन म्हना. फिल्टरचा.”

“आनला होता परवा. आठ जनं घरात. जेठानीची तीन लेकरं गिलास घेऊन समोर उभी रायली. मी एकटीनंच गोड पानी पिऊ का त्यायच्या समोर? मंग दिलं. दुपारलोक सरला.”

त्या आठवड्यापासून अमोलही माझ्यासाठी मोटरसायकलवर जार बांधून आणत होते, आणि आमच्या घरात ग्लास घेऊन उभं राहायला कुणी लेकरू नव्हतं.

सिस्टरनी आपली बाटली उचलली आणि इफ्फतच्या हातात दिली. “ही ने. मंगळवारी आन् शुक्रवारी मी येते, तेव्हा नेत जा.”

“आन् तुमी?”

“मी पिऊन आली घरून.”

आठवड्याला दोन बाटल्या. चार लिटर. मी मनात हिशेब केला आणि तो कुणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. इफ्फत रस्त्यावर आली होती. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, मग स्वतःच्या. “पोट्टी झाली तर तुमची, पोट्टा झाला तर माहा. आदलाबदली नाई करायची.” गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

मोर्शीत मी पूर्ण बरी झाले असं म्हणता येणार नाही. आकडा उतरला नाही. पण चढायचा थांबला. पायाचा खड्डा लवकर भरायला लागला. मी नळाखाली ओंजळ धरून प्यायचे आणि दर घोटाला मला चार घरं सोडून असलेली ती खिडकी दिसायची, तुरीच्या दाण्यांची. दर शुक्रवारी सिस्टरचा फोन यायचा.

“किती आला?”

“एकशे चव्वेचाळीस.”

“डोकं दुखते? डोळ्यापुढं चमकते?”

“नाही. इफ्फत कशी आहे?”

“आहे. तू तुझं पाहा.”

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी फोनवर माझा आकडा विचारला, डोकेदुखी विचारली, आणि मी इफ्फतचं विचारायच्या आत फोन ठेवला. मला वाटलं, रेंज गेली.

सहा दिवसांनी अमरावतीला माझं सिझर झालं. मुलगी. दोन किलोला थोडी कमी. चार दिवस काचेच्या पेटीत ठेवली आणि मग माझ्याजवळ दिली. मी डॉक्टरबाईंना विचारलं, “गोड पाण्यावर आले म्हणून वाचली का?”

त्या दमलेल्या होत्या, पण खोटं बोलल्या नाहीत. “असं सांगता येत नाही. कदाचित तिथंही वाचली असती. कदाचित नाही.”

बाराव्या दिवशी माझ्या आईनं सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं, माझ्यापासूनच लपवलं होतं. इफ्फतला पहाटे झटके आले होते. सिस्टर पोचल्या, गाडी आली, अकोल्याला नेलं. ती वाचली. मुलगा होता. पोटातच गेला होता.

मी गावी परतले ते ऑगस्टमध्ये. सासूबाईंनी नातीला घेतलं ते खाली ठेवलंच नाही. ओसरीत दोन जार मांडून ठेवले होते. लसीच्या दिवशी मी मुलीला घेऊन उपकेंद्रात गेले. वाटेत इफ्फतच्या खिडकीकडे आणि तिच्या माहेरच्या निळ्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

सुई टोचून झाली. मुलगी रडून रडून झोपली. बाया गेल्या, पण सिस्टर मला म्हणाल्या, “थांब थोडी. ताप येते का पाहू.” मग आत बाकावर इफ्फत बसलेली मला दिसली. वाळली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मुलीच्या टोपऱ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली; बरी आहे ना, असं विचारल्यासारखी.

सिस्टरनी तिला कामासाठी बोलावलं होतं. टेबलावर एक फॉर्म होता, चार पानांचा, इफ्फतच्या गेलेल्या बाळाच्या चौकशीचा; मे महिन्यातच भरलेला. वरून परत आला होता, एक चौकट रिकामी राहिली म्हणून. सिस्टरनी तो उलगडला आणि वाचायला लागल्या. इतर वेळी त्या किती भराभर वाचतात.

“‘मातेस आहाराविषयी सल्ला देण्यात आला होता काय?’ हे मी हो केलं आहे.” त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. “खाली आहे, ‘मातेने सल्ल्याचे पालन केले काय? हो, नाही.’ हे मी सोडलं होतं. साहेब म्हनतात, नाही लिहा, मिटवून टाका. पुढं कोनी विचारत नाही.”

“आन् हो लिवलं तर?”

“तर खाली कारन विचारते. सल्ला दिला, पाळला, मंग मूल कसं गेलं? ते मले लिहिता येत नाही इफ्फत. अर्ज दिला पान्याच्या खात्याले, त्याचं उत्तर नाही. डॉक्टर म्हनतात नक्की नाही. मी काय लिहू?”

इफ्फत फॉर्मकडे पाहत राहिली. तिला मराठी वाचता येत नाही; ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिनं त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं, बरोबर तिथंच.

“हो लिवा.”

“ऐक माझं—”

“चार महिन्याले आठ दिस कमी. एक दिवसबी नाई चुकली मी. ईदले साऱ्यायनं खाल्लं, मी नाई खाल्लं. कारनाचं तुमी तुमचं पाहा सिस्टर. पन तिथं हो लिवा.”

“त्यानं काय होणार आहे बाई?”

“काई नाई होत.” तिचा आवाज चढला नाही. “माह्या लेकाचा एवढा एकच कागद हाय. नाव नाई त्याले, दाखला नाई. एवढ्या कागदावर तरी त्याच्या मायले चोर नका लिवू.”

सिस्टरनी पेन उघडलं. पंख्याचा वारा पान उडवत होता, म्हणून त्यांनी डाव्या हाताचा पंजा त्यावर दाबून धरला आणि ‘हो’च्या चौकटीत खूण केली. खालच्या कारणाच्या ओळींवर पेन आलं आणि तिथंच राहिलं.

“सही लागते का माही?” इफ्फतनं विचारलं.

माझी मुलगी तेवढ्यात जागी झाली आणि भुकेनं रडायला लागली. मी बाकावरून उठले, पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून तिला पाजायला बसले. ती लगेच लागली. मागून सिस्टर म्हणाल्या, “इथं. या रेघेवर.” मग मला फक्त ऐकू येत होतं. खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज, आणि कागदावर, थांबत थांबत, पुरं नाव लिहिणारं पेन.